लांबचा माईक

मिहिरच्या कानांचं कौतुक अख्ख्या नांदेडात होतं असं काही नाही. घरात मात्र भरपूर होतं, आणि त्यातलं निम्मं तो स्वतःच करायचा. "मी टाळी ऐकून खोली सांगतो," म्हणायचा. आणि सांगायचा बरं का! तुम्ही न्हाणीघरात टाळी वाजवा, जिन्यात वाजवा, कपाट उघडून आत वाजवा, हा गडी डोळे मिटून बरोबर सांगणार. खोटं कशाला बोलायचं, कान होतेच तसे. पण कानांवर इतका भरवसा टाकला की माणूस तोंडानं विचारायचं विसरतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आईनं सांगितलं होतं, पण आईचं कोण ऐकतंय!

वरच्या मजल्यावरच्या खोलीला गोधड्या ठोकून त्यानं स्टुडिओ केला होता. आजवर लग्नाच्या व्हिडिओंची गाणी, क्लासेसच्या जाहिराती असलंच काम यायचं. यंदा पहिल्यांदा पुण्याच्या सिनेमावाल्यांचं गाणं हातात आलं, आणि त्यांची एकच अट होती. ड्रम मोठ्या स्टुडिओत, उंच छताखाली वाजल्यासारखे पाहिजेत. आता नांदेडात असला हॉल आणायचा कुठून? मिहिरनं ठरवलं, वाजवायचे कुणाच्या तरी घरीच, आणि मोठे करायचे आपण, कॉम्प्युटरवर.

वाजवणारा मालविकानं सुचवला. मालविका म्हणजे त्याची होणारी बायको. लातूरची, क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, स्पष्ट बोलते आणि मोठ्यानं हसते. साखरपुडा झाला होता, लग्न वैशाखात होतं, आणि मिहिर तिच्यावर इतका खूश होता की लताबाई, म्हणजे त्याची आई, म्हणायच्या, "पोरगं बावळट झालंय जरा." मालविकानं सांगितलं, "आमच्या भिंतीला भिंत लागून सर्वेशचं घर आहे. लई भारी वाजवतो. फक्त गल्लीत त्याला सगळे शिव्या देतात." मिहिरनं सर्वेशला फोन केला, गाणं पाठवलं, आणि आठवडाभरात सर्वेशनं वाजवून पाठवलंसुद्धा.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ड्रम रेकॉर्ड करताना दोन-चार माईक जवळ लावतात आणि एक लांब. जवळचे माईक चामडं ऐकतात, लांबचा माईक खोली ऐकतो. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये हा लांबचा माईक म्हणजे डोक्याला ताप. खोली केवढी, तर पलंग आणि कपाट मावेल एवढी. आवाज येतो पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. मग त्याला दाबायचं. दाबायचं म्हणजे मोठ्या आवाजाचं डोकं खाली धरायचं आणि सगळं मिळून वर उचलायचं. मोठं होतं तेवढंच राहतं, बारीक असतं ते मोठं होतं. ठोका पडून गेल्यावर भिंतींमध्ये जो दम उरतो तो वर येतो आणि खोली मोठी वाटायला लागते. त्याच्यासोबत पंखा, कुकर, गल्लीतलं कुत्रं, सगळंच वर येतं. तेवढं सोसायचं.

मिहिरनं सर्वेशचा लांबचा माईक उघडला, सवयीनं दाबला, आणि खुर्चीत सरळ झाला. ही पलंग-कपाटाची खोली नव्हतीच. ठोका पडत होता आणि त्याच्या मागं केवढी तरी मोठी, रिकामी, दगडासारखी थंड जागा उघडत होती. पुण्यावाल्यांना हवा होता तोच हॉल. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मिहिरच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानं लगेच फोन लावला. "सर्वेश, कुठं वाजवलं रे हे?"

"घरीच, दादा."

"घरात कुठं?"

"घरात म्हंजे... घरातच की. काऊन, खराब आलं का?"

"खराब नाही, लई छान आलंय. म्हणून तर विचारून राहिलो."

"मग ठेवा की, दादा," सर्वेश म्हणाला आणि घाईनं फोन ठेवला. छान काम केलेला माणूस इतक्या घाईनं फोन ठेवत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, मिहिर म्हणाला.

त्याला वाटलं, पोरानं कुठला तरी तयार आवाज आणून चिकटवलाय. ते पकडायची युक्ती त्याला माहीत होती. गाणं संपल्यावरची शेपटी ऐकायची. तयार आवाज एकदम साफ संपतो, खऱ्या खोलीत माणसं हलतात, श्वास घेतात. एरवी ती शेपटी कापून फेकायची असते. मिहिरनं ती ठेवली आणि वर उचलली. मन भरेना, आणखी उचलली.

शेवटची झांज विरत गेली. खुर्ची करकरली. खरी खोली होती तर! आणि मग त्या मोठ्या रिकाम्या जागेतून एक बाई बोलली.

"नांदेड—" तेवढ्यात सर्वेशनं ड्रमवर सहज एक ठोका मारला, "—चं सोडलं!"

मग ती हसली. सर्वेशचा आवाज आला, "मग आता?" आणि ती हसत म्हणाली, "आता आपलंच!"

ते हसू मिहिरनं झोपेतही ओळखलं असतं. मालविकाचं होतं.

नांदेडचं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावायला नको होतं. स्थळं बघणाऱ्या घरात पोराला नाव नसतं, गाव असतं. मालविकानंच त्याला हसत हसत सांगितलं होतं, "आमच्याकडं तुझं नाव कुणी घ्यायचंच नाही. उदगीरचं नको, परभणीचं लांब पडतंय, नांदेडचं बघा, असं चालायचं." तर ते नांदेडचं म्हणजे हा. आणि हा सोडला होता! कुठल्याशा मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये, सर्वेशसमोर, हसत हसत.

मिहिरनं ते मागं नेलं. त्यानं पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. ऐकून ऐकून वाक्य बदलेल असं त्याला वाटत होतं की काय, देव जाणे.

रेकॉर्डिंगवर तारीख गेल्या गुरुवारची होती. संध्याकाळी त्यानं मालविकाला फोन केला. काय बोलला, तर जेवण झालं का, ऊन किती, बापूसाहेबांचा गुडघा कसा आहे. बापूसाहेब म्हणजे तिचे वडील, निवृत्त मास्तर. आणि मग, जसं काही आत्ताच आठवलं, "काय गं, गेल्या गुरुवारी कुठं गेली होतीस का?"

"घरीच होते. काऊन?"

"सहज."

दोघांचं उत्तर एकच. घरीच! मिहिरच्या डोक्यात भुंगा शिरला तो इथं. त्या गल्लीतली घरं त्यानं साखरपुड्याच्या वेळी पाहिली होती. तिथं एवढा हॉल कुणाच्याच घरात नव्हता. मग दोघंही खोटं बोलत होते, आणि खोटंही एकच बोलत होते, म्हणजे आधी ठरवून. बघा कसं असतं, शक आला की माणसाचं गणित फार पक्कं होतं.

पुढचे काही दिवस त्यानं गाण्याला हात लावला नाही. त्या एका शेपटीवर काम केलं. ड्रमचा ठोका बारीक केला, पंख्याची घरघर काढली, मालविकाचा आवाज वर घेतला. जेवढी मेहनत त्यानं पुण्यावाल्यांसाठी केली नव्हती तेवढी यासाठी केली. शेवटी ते वाक्य इतकं स्वच्छ झालं की जणू ती शेजारी बसून बोलतेय. फक्त "नांदेड" आणि "चं" यांच्या मधला तो ठोका काही निघेना, तो तसाच राहिला. ते त्यानं मोबाईलमध्ये घेतलं. आणि रोज संध्याकाळी मालविकाला फोन करून गोड बोलत राहिला. शालूचा रंग कोणता, पत्रिका कुठं छापायची, मेंदीला कोण येणार, सगळं विचारलं. तिच्या प्रत्येक उत्तरात कुठं अडखळतेय का, तेवढं फक्त तो ऐकत होता. ती बिचारी रंग सांगत होती.

लताबाईंच्या लक्षात आलं. आईच ती. एक दिवस ताट पुढं सरकवत म्हणाल्या, "काय बिनसलंय तुझं?"

मिहिरनं घोळ घालत घालत सांगितलं. लताबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, मग विचार की तिला सरळ."

"विचारून कुणी खरं सांगतं का, आई?"

"तुझे बाबा चाळीस वर्षं विचारायचेच मला. आणि मी सांगायचे."

"तुला नाही कळायचं ते."

"नाही बाबा, मला कसं कळेल," लताबाई म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मिहिर लातूरच्या एसटीत बसला. ड्रमचं थोडं काम राहिलंय, असं घरी सांगितलं. मालविकाला काहीच सांगितलं नाही. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता, आणि कानात हेडफोन घालून हा तेच वाक्य ऐकत बसला होता. चाकूरच्या पुढं त्याला एकदम सुचलं. मंगल कार्यालय! बापूसाहेबांनी लग्नासाठी ठरवलेलं कार्यालय मालविका मध्यंतरी जाऊन बघून आली होती. रिकामं, उंच, फरशीचं. वा रे वा, म्हणजे ज्या हॉलमध्ये माझ्यावर अक्षता पडायच्या, तिथं बसून मला सोडलं!

लातूरला उतरला तो अॅटो करून थेट कार्यालयात. दुपारची वेळ, फाटक उघडं, आत कुणी नाही. मिहिर हॉलच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि टाळी वाजवली. ऐकलं. दोन पावलं सरकला, पुन्हा वाजवली. मग स्टेजवर चढून वाजवली.

"ओ पाव्हणं!" मागून आवाज आला. कार्यालयाचा व्यंकटी नावाचा राखणदार दारात उभा होता, हातात खराटा. "कोन पायजे तुमाला? टाळ्या काऊन वाजवून राहिले?"

"काही नाही, हॉल बघतोय. लग्न आहे."

"कुणाचं?"

"माझं."

व्यंकटीनं त्याला वरून खाली न्याहाळलं. एकटाच, घामेजलेला, गळ्यात हेडफोन, रिकाम्या हॉलात स्वतःच्या लग्नाच्या टाळ्या वाजवणारा नवरदेव त्यानं आजवर पाहिला नसावा. "नवरी कुठंय?" त्यानं विचारलं.

"तेच बघायला आलोय," मिहिरच्या तोंडून निघून गेलं. व्यंकटीनं खराटा जरा घट्ट धरला, आणि मिहिर तिथून सटकला. आवाज तो नव्हता. कार्यालयातली टाळी फडफडत होती, खिडक्यांतून बाहेर पळत होती. त्या रेकॉर्डिंगमधली जागा बंद होती, चारी बाजूंनी सिमेंट होतं. आता राहिला सर्वेश.

गल्लीत शिरला तर तिथं वेगळीच धांदल. दारोदार घागरी, बादल्या, पाईपांची वेटोळी. सर्वेश दारात पोर्चमध्ये ड्रम वाजवत होता, तो याला बघून थांबला आणि पोरगं पांढरं पडलं.

"दादा! तुम्ही? सांगायचं तरी."

"हॉल दाखव," मिहिर म्हणाला.

"कुठला हॉल?"

"ज्याच्यात वाजवलंस तो. सर्वेश, मी खोली ऐकून सांगतो, मला शिकवू नको. हे घर नाही. कोण कोण होतं तिथं?"

सर्वेशनं गल्लीत इकडं तिकडं बघितलं, मग आवाज खाली आणला. "दादा, कुणाला बोलू नका. समोरच्या बाई मला जिवंत ठेवणार न्हाईत." आणि त्यानं पायाखाली बोट दाखवलं.

पोर्चच्या फरशीत लोखंडी झाकण होतं. ते अर्धं सरकवलेलं, आणि त्याच्यातून एक काळी वायर खाली गेली होती. दुष्काळात पाण्याची रेल्वे आली त्या साली दोन्ही घरांनी मिळून बांधलेला हौद. लातुरात नळाला पाणी रोज थोडंच येतं! आलं की भरून ठेवायचं, म्हणून लोकांच्या घरांपेक्षा हौद ऐसपैस. सर्वेशनं लांबचा माईक त्या हौदात उलटा टांगला होता. वर ड्रम वाजला की आवाज खाली पडायचा आणि त्या सिमेंटच्या पोटात घुमायचा.

"पण पाणी यायच्या दिवशीच जमतंय," सर्वेश म्हणाला. आता गुपित फुटल्यावर त्याचा चेहरा खुलला होता. "त्या दिवशी हौद पार तळाला गेलेला असतो. भरला की गेला आवाज. म्हणून मी पाणी सुटायच्या आत वाजवून घेतो. गल्लीतल्यांना कळलं, प्यायच्या पाण्यात वायर सोडतो, तर कुटतील मला."

मिहिरला पटेना. म्हणजे कानाला पटत होतं, पण एवढे दिवस जपलेला शक असा एका झाकणाखाली निघावा, हे मनाला पटेना. त्यानं बूट काढले, पँट वर खोचली आणि सर्वेश "दादा, दादा" करत असताना लोखंडी पायऱ्यांवरून हौदात उतरला. तळाशी घोट्याएवढं पाणी होतं. अंधारात उभं राहून त्यानं टाळी वाजवली. तीच जागा. तोच दम, तोच थंडपणा, शेपटी तेवढीच लांब. हॉल सापडला होता. बाई राहिली होती.

आणि तेवढ्यात वरून, त्या झाकणाच्या फटीतून, त्याच मोठ्या घुमत्या आवाजात, मालविका ओरडली.

"नांदेड नाक्याचं सोडलं!"

"मग आता?" सर्वेशचा घाबरा आवाज.

"आता आपलंच! आरतीचा आत्ताच फोन आला. तिच्याकडं धो धो चालू आहे. चला, पाईप जोडा."

नांदेड नाका! लातुरातलाच भाग, तिथलं पाणी आधी सुटतं आणि मग या गल्लीचं. तिथं राहणारी मैत्रीण फोन करून सांगते आणि मालविका गल्लीला ओरडून सांगते, दर पाण्याच्या दिवशी, कित्येक वर्षं. सर्वेशचा तो एक ठोका नेमका "नाक्या"वर पडला होता.

मिहिरचा जीव भांड्यात पडला. तो हौदात उभ्या उभ्या हसायला लागला. आणि हौदात हसणं म्हणजे काय विचारता, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"अगं बाई! हौदात मानूस हाय!" समोरच्या गुणाबाई घागर टाकून धावत आल्या. "कोन हाय रं? पायात चपला हायत का? आन् ही वायर कशाची? सर्वेश्या, नळाला मोटार लावलीस व्हय तू? म्हून आमच्याकडं पानी चढत न्हाई!"

"मोटार नाही हो बाई, माईक आहे!"

"कायबी सांगतंय. भाईर काढ त्याला आधी!"

सर्वेशनं भराभरा वायर ओढून माईक हातात घेतला. मिहिर वर आला, ओल्या पँटीनं, केसांत जाळं, आणि समोर मालविका. तिनं आधी तोंडावर हात घेतला आणि मग अशी हसली, अशी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "बाबा, बाहेर या! तुमचे जावईबापू हौदातून निघाले!" बापूसाहेब आतून लंगडत पाईप घेऊन आले, हे काय, कळवायचं तरी, चहा ठेवतो, असं म्हणत पुन्हा आत गेले. जावई म्हटल्यावर गुणाबाईंचाही राग निम्मा उतरला. "जावई हायत म्हून सोडते," त्या म्हणाल्या. "पाय धुऊन तरी उतरला होता का?"

मालविकाचे डोळे हसून पाणावले होते. ती इतकी खूश दिसत होती याला बघून की मिहिरला वाटलं, आपण किती येडे! आणि त्या आनंदाच्या भरात त्याला वाटलं, हिलाही सांगावं, हीपण हसेल. "अगं, काय झालं माहितीये," असं सुरू करून त्यानं सगळं सांगितलं. मोबाईल काढला आणि तो तुकडा लावलाही.

"नांदेड—चं सोडलं!" मोबाईलमधली मालविका म्हणाली. "आता आपलंच!"

सर्वेश आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. मालविकाही हसली. मग म्हणाली, "पुन्हा लाव."

त्यानं लावलं. या वेळी ती हसली नाही. "मी तर गल्लीत ओरडत होते. हे इतकं साफ कसं? ड्रम कुठं गेले?"

"ते काढावं लागतं," मिहिर म्हणाला. त्याला अजून कळलं नव्हतं, उलट जरा अभिमानच होता आवाजात. "लई मेहनत आहे त्यात. दिवसाचे दिवस बसलोय."

"कधी?"

"हेच, या आठवड्यात."

"म्हणजे परवा तू मला शालूचा रंग विचारलास, तेव्हा हे तुझ्याकडं होतं?"

मिहिरनं मोबाईल खाली घेतला.

"आणि मी गुरुवारी कुठं होते ते विचारलंस, तेव्हा?"

"अगं, पण आता सगळं साफ झालं ना! तू काहीच केलं नव्हतंस."

"मी काही केलं नव्हतं हे मला माहीत होतं, मिहिर."

गुणाबाईंनी घागर उचलली आणि न बोलता आपल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सर्वेशला कुठं बघावं कळेना.

"विचारायचं होतंस," मालविका म्हणाली. तिनं आवाज वर येऊ दिला नाही. "शिव्या घालत विचारायचं होतंस. मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग जन्मभर आपण यावर हसलो असतो. तू रोज गोड बोललास माझ्याशी. मी फोन ठेवून आईला सांगत होते, नशीब काढलं म्हणून."

"चुकलं माझं. मी पुसून टाकतो. आत्ता, तुझ्यासमोर." त्यानं तो तुकडा पुसला, मोबाईल तिच्यापुढं धरला. "हे बघ. नाहीये आता."

तिनं मोबाईलकडं बघितलंही नाही. "लग्न झाल्यावर मी तुझ्या घरात राहणार. आईंशी बोलणार, आरतीशी फोनवर खिदळणार, कधी तुझ्याबद्दल कुरकुरणारसुद्धा. दर वेळी मला वाटणार, यातलं किती हा वर जाऊन उचलून ऐकणार आहे. मला भीती वाटतेय तुझी. आत्ता वाटतेय, उभ्या उभ्या."

"नाही गं. पुन्हा कधीच नाही. विश्वास ठेव."

"बरं," ती म्हणाली. "आत्ता मी आणि सर्वेश आत गेलो आणि हळू काही बोललो. तर?"

"तर काय? काही नाही," मिहिर म्हणाला. पण म्हणायच्या आधी त्याची नजर सर्वेशच्या हातातल्या माईककडं गेली, आणि ती जाताना मालविकानं पाहिली.

नळाला फुसफुस सुरू झाली. हवा आली, गढूळ धार आली, मग पाणी आलं. गल्लीत एकदम गलका उठला. मालविकानं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, पाईपचं तोंड हौदात सोडलं आणि पाठमोरी उभी राहिली.

बापूसाहेब चहाची कपबशी घेऊन बाहेर आले. "घ्या जावईबापू. आणि आज काही जायचं नाही, मुक्काम करा. मालू, भाजी काय आणायची?"

"नाही राहणार ते, बाबा," मालविका पाण्याकडं बघत म्हणाली. "चहा झाला की त्यांना स्टँडवर पोचवून या. आणि त्यांना जावईबापू म्हणू नका."